चुनाळ्यानं गोळी अडते का?

साताऱ्याजवळच्या एका गावातल्या तरुणानं दोन गोष्टी विचारल्या आहेत. त्यांचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर इटलीत होते. त्यांचं पितळी चुनाळं घरच्या ट्रंकेत जपून ठेवलं आहे, एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना, असं दोन झाकणांचं. एका झाकणाला खोल पोचा आहे, मधे एक कोपरा टोचल्यासारखा. घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात की छातीवर आलेली गोळी त्या चुनाळ्यावरून घसरली. हे खरंच होऊ शकतं का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की धाकटा भाऊ भरती झालाय, ट्रेनिंग संपवून पोस्टिंगवर निघालाय आणि आईनं त्याला वरच्या खिशात ठेवायला राणीछाप चांदीचा रुपया दिलाय. त्याचा काही उपयोग आहे का?

वस्तूनं जीव वाचू शकतो, वाचलेलाही आहे. पण खिशातली वस्तू रायफलमधून नुकत्याच सुटलेल्या, नाकासमोर सरळ आलेल्या गोळीला अडवते, असं सहसा होत नाही. वाचलेल्यांच्या गोष्टी नीट खोदल्या की बहुतेक वेळा तीनपैकी एक काहीतरी निघतं: गोळी आधीच दमलेली होती, गोळी तिरकी आली होती, किंवा ती मुळात गोळीच नव्हती. तुमच्या चुनाळ्याबद्दल माझा कौल तिसऱ्या शक्यतेकडे आहे. का, ते पुढे सांगतो.

मी फौजेत आर्मरर होतो. आर्मररचं काम हत्यार चालवण्यापेक्षा हत्यार दुरुस्त करण्याचं. त्यामुळे गोळी सुटताना जेवढी पाहिली, त्यापेक्षा जास्त गोळी लागून आलेल्या वस्तू हाताळल्या. फुटलेले बट, भोकं पडलेल्या पाण्याच्या बाटल्या, चेपलेली मॅगझिन, पटक्याच्या, म्हणजे जवान डोक्याला बांधतात त्या कवचाच्या, पोलादावरचे ओरखडे. आता साताऱ्यातच असतो, बँकांच्या गनमनना बंदूक सांभाळायला शिकवतो, आणि पोवई नाक्यावर चहाला बसलं की कुणीतरी हाच प्रश्न विचारतोच. सिनेमात नायकाच्या खिशात लॉकेट असतं, बिल्ला असतो, नाणं असतं. लोकांना वाटतं धातू म्हणजे धातू.

तर आधी "गोळी" म्हणजे कोणती गोळी, ते ठरवू. सगळा घोळ तिथेच होतो.

पॉइंट टू टूची बारीक गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते आणि नळीतून निघताना तिच्यात साधारण १४० ज्यूल ऊर्जा असते. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं पॉइंट थ्री टूचं रिव्हॉल्व्हर याच्याच शेजारचं, फार वर नाही. नऊ एमएम पिस्तुलाची गोळी आठ ग्रॅमची, सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या पुढे धावते, तिथे आकडा ५०० ज्यूलवर जातो. आणि मग एकदम उडी आहे. एके सत्तेचाळीसची गोळी वजनानं नऊ एमएमएवढीच, पण सेकंदाला ७१५ मीटर, म्हणजे २,००० ज्यूल. फौजेच्या इन्सास रायफलची गोळी फक्त चार ग्रॅमची, पण ९०० मीटरच्या वेगानं जाते, त्यामुळे तीही १,६०० च्या पुढे. फौजेची जुनी रायफल एसएलआर ३,२०० आणि त्याआधीची थ्री नॉट थ्री ३,००० च्या वर. एअरगनच्या छऱ्यात दहा-पंधरा ज्यूल असतात. मोबाईलवर जे "बघा, नाण्यानं गोळी अडवली" असे व्हिडिओ फिरतात, त्यातले बरेचसे या छऱ्यांचे असतात. पोरांना फरक कळत नाही आणि नाणं हे कवच आहे असा समज होऊन बसतो. हे घरी करून पाहू नका. छरा उलटून डोळ्यात गेलेला मी पाहिला आहे.

इथे अजून एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो सिनेमानं फार पक्का केलाय. गोळी लागली की माणूस मागे उडत नाही. ताशी १४० किलोमीटरनं आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत नऊ एमएमच्या गोळीच्या दुप्पट रेटा असतो आणि चेंडू छातीवर बसलेला फलंदाज काही स्टंपांमागे उडून पडत नाही. फरक आहे तो क्षेत्रफळाचा. चेंडू तळहाताएवढ्या जागेवर आपटतो, गोळी करंगळीच्या टोकाएवढ्या जागेवर सगळं ओतते. म्हणून तर कुठलीही वाचवणारी वस्तू दोनच कामं करू शकते. तो घाव मोठ्या जागेवर पसरवायचा, नाहीतर त्याची दिशा बदलायची.

आता धातूच्या जाडीकडे या. चुनाळ्याचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा, फार तर एक. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, जाडी दोन मिलिमीटरच्या आत, आणि चांदी मऊ. पूर्वीचं पाच रुपयांचं जाड नाणं ९ ग्रॅमचं, तांबं-निकेलचं, साधारण अडीच मिलिमीटर. एके सत्तेचाळीसच्या साध्या गोळीत आत मऊ पोलादाचा गाभा असतो. जवळून मारली तर तीन-चार मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्रा ती सहज भेदते. त्यापुढे एकटं नाणं सरळ आडवं आलं तर काय होणार? भोक पडेल, किंवा नाणंच गोळीबरोबर आत जाईल. हे दुसरं जास्त वाईट आहे.

मग नाण्यानं माणूस वाचला, या गोष्टी खोट्या का? नाही. यात कोन येतो.

तीन नाणी एकावर एक ठेवली तर साडेसात मिलिमीटर झाली. गोळी सरळ न येता साठ अंश तिरकी आली, तर तिला त्याच थप्पीतून पंधरा मिलिमीटर धातू कापावा लागतो. जाडी तीच, वाट दुप्पट. त्यात गोळी म्हणजे काही खिळा नव्हे. ती स्वतःभोवती फिरत असते, एकेची गोळी सेकंदाला सुमारे ३,००० फेरे घेते, आणि त्या फिरण्यावरच तिचं नाक पुढे राहतं. तिरक्या धातूला टोक लागलं की नाक एका बाजूला ढकललं जातं, गोळी आडवी व्हायला लागते, आणि आडवी गोळी भेदण्यात कच्ची असते. म्हणून तिरकी गोळी पोलादावरून घसरते, दगडावरून उसळते, अगदी पाण्यावरूनही उसळते, फक्त कोन फार उथळ हवा.

योगेंद्रसिंह यादव यांची गोष्ट मी याच नजरेनं ऐकली. १८ ग्रेनेडियर्सचा हा जवान १९९९ च्या जुलैत टायगर हिलवर गेला तेव्हा वय अवघं एकोणीस. अंगात कितीतरी गोळ्या, साथीदार पडलेले, हा मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिलेला. त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे की मेलेत की नाही याची खात्री करायला शत्रूनं पुन्हा गोळ्या मारल्या, आणि छातीवर मारलेली गोळी खिशातल्या पाकिटात ठेवलेल्या पाच-पाच रुपयांच्या नाण्यांवर लागली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. आता आर्मरर म्हणून पाहा: नाणी एकापेक्षा जास्त, ती पाकिटात दाटीनं बसलेली, माणूस जमिनीवर पडलेला आणि मारणारा उभा. नाण्यांची थप्पी आणि तिरकी गोळी, दोन्ही जुळून यायला तिथे जागा आहे. मी तिथे नव्हतो, पण तांत्रिक अंगानं यात मला काहीच अशक्य दिसत नाही. मात्र त्याच चकमकीत बाकीच्या गोळ्या त्यांच्या हातापायात शिरल्या, हेही विसरू नका. नाण्यांनी एका गोळीचं काम केलं. बाकीचं त्या माणसानं केलं.

कागदानं वाचल्याचं सगळ्यात चांगलं नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १४ ऑक्टोबर १९१२, मिलवॉकी शहर. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पुन्हा निवडणुकीला उभे होते, सभेला निघताना एकानं समोरून पॉइंट थर्टी एटच्या रिव्हॉल्व्हरनं छातीवर गोळी झाडली. खिशात ५० पानांचं भाषण, मधोमध दुमडलेलं, म्हणजे कागदाचे शंभर थर, आणि सोबत चष्म्याची पोलादी डबी. शिवाय जाड कोट. गोळी या सगळ्यातून गेली! हे लोक सांगायला विसरतात. कागदानं गोळी अडवली नाही. गोळी छातीत शिरली, एक बरगडी मोडली आणि तिथेच थांबली. रूझवेल्ट शिकारी होते, खोकून तळहातावर रक्त येतं का ते पाहिलं, आलं नाही, म्हणजे फुप्फुस शाबूत आहे असं ठरवून सभेला गेले आणि दीड तासाच्या आसपास बोलले. गोळी डॉक्टरांनी कधीच काढली नाही. १९१९ मध्ये ते वारले तोवर ती छातीतच होती.

त्या काळच्या अशा रिव्हॉल्व्हरच्या गोळीत पावणेतीनशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असायची. कोट, कागद आणि डबी यांनी त्यातली बरीच खाल्ली, उरलेली बरगडीनं. याला मी गोळी दमवणं म्हणतो. त्या जागी एसएलआर असती तर भाषण, डबी आणि बरगडी यांना भेदून ती पाठीतून बाहेर गेली असती. खिशातल्या गीतेनं, ज्ञानेश्वरीच्या छोट्या प्रतीनं जीव वाचला असं कुणी सांगितलं की म्हणूनच मी आधी विचारतो, हत्यार कोणतं होतं आणि किती लांबून? अंतरानंही गोळी दमते. पाचशे मीटरवर पोचेपर्यंत एकेच्या गोळीत जी ऊर्जा उरते ती साधारण पिस्तुलाच्या नळीतून निघालेल्या गोळीएवढी असते. लांबून आलेली, आधी कुठेतरी आपटून उसळलेली, झुडपातून आलेली गोळी खिशातल्या वस्तूनं थांबली, तर मला त्यात चमत्कार वाटत नाही.

झुडपावरून आठवलं. वळवण्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वस्तू किती मजबूत आहे ही नाही. ती तुमच्यापासून किती लांब आहे, ही आहे. समजा गोळी दहा मीटरवरच्या एका लोखंडी गजाला घासून दोन अंश वळली. तुमच्यापर्यंत येताना ती पस्तीस सेंटिमीटर बाजूला गेली, म्हणजे छातीच्या मधोमध येणारी गोळी काखेच्याही पलीकडून गेली. आता तोच दोन अंशाचा वळसा खिशातल्या नाण्यानं दिला. नाण्यापासून कातडीपर्यंत अंतर किती? कापडाची जाडी. गोळी त्याच भोकातून आत जाणार. म्हणजे शेताच्या कुंपणाचा अँगल, फाटकाचा गज, बाभळीची फांदी या वस्तूंनी जितक्या गोळ्या माणसापासून दूर नेल्या असतील, तितक्या खिशातल्या वस्तूंनी कधीच नेल्या नसतील. फक्त फांदीनं आपल्याला वाचवलं हे कुणाला कळतच नाही. ती गोळी "चुकली" एवढंच आपण म्हणतो. खिशातलं नाणं मात्र ट्रंकेत जपून ठेवता येतं.

आणि वळवणं नेहमी भल्यासाठीच होतं असंही नाही. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलबाहेर राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर सहा गोळ्या झाडल्या गेल्या, पॉइंट टू टूच्या. एकही सरळ रेगन यांना लागली नाही. त्यांना जी लागली ती त्यांच्याच चिलखती गाडीच्या अंगावर आपटून, चपटी होऊन उसळलेली. डाव्या काखेखालून शिरली, फुप्फुसात गेली आणि हृदयापासून जेमतेम इंचभरावर थांबली. जी गाडी त्यांना वाचवायला बनवली होती, तिनंच चुकलेली गोळी त्यांच्याकडे पाठवली. नशिबाचा हा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

आपल्याकडच्या जंगलपट्ट्यात, जावळी-पाटणच्या बाजूला, रानडुकरांसाठी अजूनही ठासणीच्या आणि बारा बोअरच्या, छऱ्यांच्या बंदुका निघतात. कधी अपघात होतात. तिथे मात्र रोजच्या वस्तूंची बाजू जरा भक्कम असते. छरे गोल असतात, हलके असतात, हवेत फार लवकर दमतात. थोड्या अंतरावरून आलेला बारीक छरा जाड चामड्याच्या पट्ट्यानं, पाकिटानं, घोंगडीच्या दोन-तीन घड्यांनीसुद्धा थांबलेला असू शकतो. पण त्याच बंदुकीत मोठे छरे भरलेले असतील किंवा अंतर दहा-पंधरा पावलांचं असेल, तर घोंगडीचे धागेच जखमेत जातात.

आता चुनाळं.

इटलीची मोहीम १९४३ ते १९४५ अशी चालली. मराठ्यांच्या पलटणी तिथे नद्या ओलांडत, डोंगर चढत लढल्या. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीच्या काठी केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोर जर्मन होते, त्यांच्याकडे मशीनगन होत्या, पण त्याहून जास्त भीती मोर्टार आणि तोफांची. पहिल्या महायुद्धातही बहुसंख्य जखमा तोफगोळ्यांच्या होत्या. पोलादी हेल्मेट १९१५ मध्ये आलं तेच मुळात वरून पडणाऱ्या तुकड्यांसाठी, रायफलच्या गोळीसाठी नव्हे. तोफगोळा फुटला की त्याचे हजार वेडेवाकडे तुकडे होतात. फौजेत आम्ही त्याला स्प्लिंटर म्हणतो. सुटताना ते भयंकर वेगात असतात, पण आकार ओबडधोबड असल्यानं हवा त्यांना लवकर अडवते. जवळचा तुकडा हात तोडून नेतो, तर लांब गेलेला लहान तुकडा नुसता भाजतो किंवा खरचटतो. मधल्या अंतरावर एक पट्टा असा असतो की तुकड्यात माणूस मारण्याएवढा जीव असतो, पण पितळी डबी भेदण्याएवढा नसतो. खिशातल्या वस्तूंनी माणसं वाचवली ती बहुतेक याच पट्ट्यात. डबी, घड्याळ, बिडीची केस, पदक, धर्मग्रंथ, सगळ्यांच्या गोष्टी तिथल्या. घरी आल्यावर सांगताना "स्प्लिंटर लागला" म्हटलं तर घरच्यांना काय कळणार? गोळी म्हटलं की लगेच कळतं. म्हणून गोष्टीत गोळी आली असावी. पणजोबांनी खोटं सांगितलं असं मी अजिबात म्हणत नाही.

तुम्हीच झाकण उन्हात धरून नीट पाहा. रायफलची गोळी एवढ्या पातळ पत्र्याला सरळ लागली असती तर स्वच्छ गोल भोक असतं, कडा आतल्या बाजूला वळलेल्या असत्या आणि पलीकडच्या झाकणालाही बाहेर वळलेल्या कडांचं भोक असतं. तिरकी घसरली असती तर पोचा नसता, लांबट चर असता, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ होत गेलेला, बोटभर लांब. तुम्ही लिहिलंय की खोल पोचा आहे आणि त्याच्या मधे एक कोपरा टोचल्यासारखा आहे. गोळीला कोपरे नसतात. पोलादाच्या तुकड्याला असतात. पोच्यात राखाडी पुसटशी रेघ दिसत असेल तर ती शिशाची असू शकते, म्हणजे मग गोळीचा पक्ष थोडा बळावतो. तांबूस-काळा गंज चिकटलेला असेल तर पोलादाचा. म्हणून एक विनंती: दिवाळीत पितळ घासायला काढाल तेव्हा हे चुनाळं चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. जो पुरावा आहे तो त्या मळातच आहे. दुसरं, पणजोबांच्या डिस्चार्जच्या कागदात जखमी झाल्याची नोंद आणि तारीख आहे का पाहा. कागद सापडत नसतील तर बेळगावचं रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय किंवा साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, इथे चौकशी करता येते. तारीख मिळाली तर त्या दिवशी पलटण कुठे होती आणि समोरून काय येत होतं, ते बरंचसं कळतं.

वस्तूनं वाचवलं नाही तर ती काय करते, हेही सांगायला हवं, कारण भावाच्या खिशातल्या रुपयाचा प्रश्न त्यावर ठरतो. गोळी नाण्यातून आरपार गेली तर नाण्याचे कपचे गोळीपुढे पळतात. एका जखमेच्या चार होतात आणि सर्जनला एक्स-रेमध्ये चांदीचे तुकडे शोधत बसावं लागतं. नाण्यानं गोळीचं नाक फक्त वाकडं केलं तर ती आत शिरतानाच आडवी होते, आणि आडवी गोळी सरळ गोळीपेक्षा मोठी पोकळी करते. एरवी फुप्फुसातून बारीक भोक पाडून पाठीमागून निघून गेलेली गोळी एखादा माणूस पचवतो. आडवी झालेली पचवणं अवघड. म्हणजे एकटं नाणं फायद्याइतकंच तोट्याचंही ठरू शकतं.

कपड्याखाली चिलखत घालायची अक्कल आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून भेटीला गेले म्हणून अफझलखानाचा वार फुकट गेला. २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं पाहायला साताऱ्याच्या संग्रहालयाबाहेर गर्दी झाली. माझ्या मते त्या भेटीतली खरी दूरदृष्टी चिलखताची होती, पण वाघनखं दिसायला जास्त रुबाबदार. मात्र कड्यांचं चिलखत हे धारेसाठी आहे. बंदुकीची शिशाची जड गोळी त्या कड्या तोडते आणि स्वतःबरोबर आत नेते, नाण्याच्या कपच्यांसारखीच.

आजचं जॅकेट वेगळ्या तत्त्वावर चालतं. १९६५ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी ज्या धाग्याचा शोध लावला तो केव्लर. त्याचे कितीतरी थर एकत्र शिवले की पिस्तुलाची गोळी जाळ्यात अडकते, चपटी होते आणि तिचा घाव तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. तरीसुद्धा आत दणका बसतोच. अमेरिकी मानकात जॅकेटच्या मागे ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खड्डा पडला तरी जॅकेट पास समजतात. चव्वेचाळीस मिलिमीटर! बरगड्या मोडू शकतात, पण माणूस जिवंत राहतो. रायफलसाठी नुसता धागा पुरत नाही, पुढे सिरॅमिकची किंवा कडक पोलादाची प्लेट लागते. सिरॅमिक स्वतः फुटतं आणि फुटताना गोळीचं टोक चुरडतं. मागचे थर तो चुरा धरून ठेवतात. आपल्याकडे अशा जॅकेटसाठी २०१८ पासून भारतीय मानक आहे, आयएस १७०५१. एवढी सगळी खटपट ज्या गोळीसाठी करावी लागते, ती गोळी दोन मिलिमीटर चांदीनं थांबेल अशी आशा धरणं बरं नाही.

आणि जॅकेटसुद्धा जिथे आहे तिथेच वाचवतं. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून निसटले तेव्हा पाठलागाच्या गोळीबारात त्यांच्या खांद्यात गोळी लागली. त्यांचे दोन साथीदार त्या दिवशी मारले गेले. दादा पुढे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या अंगावर काही जॅकेट नव्हतं. गोळी वीतभर इकडे लागली की खांदा, वीतभर तिकडे की मान. ज्यांना असं काही लागून वाचता आलं त्यांच्या गोष्टी घरोघर राहतात. ज्यांच्या खिशातलं नाणं, ताईत, पोथी काहीच करू शकली नाही, ते सांगायला परत आले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी नावाच्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. त्यांच्याही गळ्यात ताईत असतीलच.

भावाला आईनं दिलेला रुपया काढून टाकायला सांगू का? नाही. आईनं दिलेली वस्तू कुणी काढत नाही, आणि फौजेत कोण कुणाच्या खिशात काय आहे यावर हसतही नाही. फक्त त्यानं तो छातीच्या खिशात, प्लेटच्या खाली ठेवू नये. जॅकेट आतल्या बाजूला दणका देतं तेव्हा मधली कडक वस्तू त्या जागी रुतते. पाकिटात, बॅगेत, ट्रंकेत ठेवावा. पेनं, चाव्या, लायटर यांचंही तेच.

वरच्या खिशाची जागा फील्ड ड्रेसिंगसाठी, म्हणजे जखमेवर बांधायच्या पट्टीसाठी ठेवा, आणि टूर्निके, म्हणजे हातपाय आवळून रक्त थांबवायचा पट्टा, मिळाला असेल तर तो दोन्ही हातांना पोचेल असा बाहेर लावा. हातापायाच्या मोठ्या नसेतून रक्त गेलं तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि त्या मिनिटांत जे काम होतं ते त्या पट्ट्यानं होतं. पटका डोक्यावर घट्ट बसलेला हवा. सैल पटका पुढे झुकला की कपाळाचं पोलाद डोळ्यांवर येतं आणि कपाळ उघडं पडतं. प्लेट छातीच्या वरच्या भागात हवी, पोटावर लोंबकळत नको. नवी पोरं आरामासाठी पट्टे सैल सोडतात, त्यांना उस्ताद लोक ओरडतात ते उगीच नाही.

आडोशाचंही सांगून ठेवतो, कारण रोजच्या वस्तूंनी वाचायचं असेल तर वाचवतात त्या मोठ्या वस्तू, खिशातल्या नव्हेत. गाडीचा दरवाजा पिस्तुलाच्या गोळीलाही अडवत नाही. गाडीमागे लपायचं तर इंजिनाच्या बाजूला, पुढच्या चाकाआड, खाली दबून. चार इंची विटांची भिंत रायफलपुढे भरवशाची नाही. नऊ इंची एखादी गोळी सोसते, पण एकाच जागी मारा झाला तर तीही फुटते. वाळूचं पोतं चांगलं, आणि दोन थर असतील तर उत्तम. पाणीही वाटतं त्यापेक्षा चांगलं अडवतं, रायफलची वेगवान गोळी मीटरभर पाण्यात फुटून किंवा थकून जाते. लाकडी कपाट, गादी, सोफा हे फक्त लपवतात, अडवत नाहीत. आणि भिंतीला अगदी चिकटून उभं राहू नका, हातभर सुटून राहा. तिरकी लागलेली गोळी भिंतीवरून उसळली की बऱ्याचदा भिंतीलगतच पळते.